परातीतला समुद्र

॥ श्री ॥
थळ, कोळीवाडा
ता. १४ नोव्हेंबर १९३४

ती. दादास,
नलूचा कृ. शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वाचून आधी हसले आणि मग ते पुन्हा वाचलं. वर्गाचा खर्च देणाऱ्या मंडळानं आमच्या बालवर्गाची पारख करायला माणूस नेमायचा आणि तो नेमका माझा सख्खा भाऊ निघायचा, ह्याला काय म्हणावं? लहानपणी माझ्या रांगोळीचे ठिपके वाकडे म्हणून पायानं पुसणारा तूच होतास, हे मंडळाला ठाऊक नसावं. तू म्हणतोस की भाऊ म्हणून येणार नाहीस, परीक्षक म्हणून येशील. ये बापडा. जेवायला मात्र भाऊ म्हणूनच बसावं लागेल.

वर्गाला डिसेंबरात वर्ष होईल. तू मागे आला नव्हतास, म्हणून इथलं थोडं सांगते. भागुबाई म्हणून पाड्यातली वडीलधारी कोळीण आहे. तिचा शब्द इथे कुणी मोडत नाही. तिनं आपल्या जाळी ठेवायच्या खोपीचा अर्धा भाग आम्हांला दिला. पुरुष समुद्रावर आणि बायका टोपल्या घेऊन अलिबागच्या बाजारात गेल्या की तीन-चार वर्षांची पोरं कुणी सांभाळायची? मी आले तेव्हा आया त्यांच्या पायाला दोरी बांधून ती खांबाला अडकवून जात. निर्दयपणानं नव्हे, दोन वर्षांमागे एक पोर भरतीच्या पाण्यात गेलं, तेव्हापासून. कित्येकांच्या घोट्यावर काळा वण अजून आहे. वर्ग सुरू झाल्यापासून दोऱ्या सुटल्या. दादा, मला तुझ्या सगळ्या पद्धतींपेक्षा ह्याचंच मोल जास्त वाटतं, आणि हे मी परीक्षकाला आधीच सांगून ठेवते.

मंडळानं पाठवलेली रंगीत मण्यांची चौकट पोरं हातात घेतात, दोनदा खडखडवतात आणि ठेवून देतात. पण गेल्या महिन्यात एक गंमत झाली. जनी म्हणून चार वर्षांची मुलगी आहे, काळूराम कोळ्याची. बोलते कमी, बघते फार. तिनं एके सकाळी हात धुवायच्या परातीत एक शिंपला अलगद सोडला. तो तरंगला. मी विचारलं तेव्हा म्हणाली की ही तिच्या बापाची होडी. झालं, दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या घरच्या होडीचा शिंपला आणला. आता रोज सकाळी परातीत समुद्र भरतो, शेजारी पाटावर वाळू पसरून किनारा होतो. दुपारी खांदेरीच्या बेटाकडून शिडं दिसू लागली की पोरं दाराशी धावतात, आपली होडी ओळखतात आणि आपला शिंपला उचलून वाळूवर ठेवतात. एक चकार शब्द न बोलता. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, ज्याचं त्यानं पुरं करायचं, हा आपला नियम त्यांनी ह्या खेळात जितका पाळला तितका दुसऱ्या कशात पाळला नाही.

हा खेळ मी तुला पहिल्यांदा दाखवणार आहे. नाक मुरडलंस तर वहिनींना कळवीन. त्यांना नमस्कार.

आहे तो लोभ परीक्षेच्या दिवसापुरताही आटू देऊ नये, ही विनंती.

तुझी,
नलू


॥ श्री ॥
गिरगाव, मुंबई
ता. १९ नोव्हेंबर १९३४

चि. नलूस,
अनंताचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. मी ता. ९ डिसेंबरला सकाळच्या लाँचने रेवसला उतरून तेथून थळला येतो. माझ्या अभिप्रायावर मंडळ नाताळात निर्णय घेईल. वर्ग चालू ठेवायचा की ती मदत दुसऱ्या गावी वळवायची, असा प्रश्न आहे. दोऱ्या सुटल्या हे मोठेच काम झाले. पण नलू, मंडळ म्हणेल की मुले सांभाळायला दाई पुरे, शिकलेली बाई कशाला? त्याला उत्तर हवे.

म्हणून मी काय पाहीन ते आधीच सांगतो, म्हणजे नंतर रडायला नको. मूल ती वस्तू आपण होऊन उचलते, की तू पुढे केलीस म्हणून? तू खोपीबाहेर गेलीस तर काम चालते की विस्कटते? आणि सर्वांत अवघड ते हे: एका वस्तूवर जे उमगले ते त्याला दुसऱ्या वस्तूवर लावता येते का? खेळ बाईला आवडला एवढ्याने तो मुलाच्या उपयोगाचा ठरत नाही. आपल्याकडे बायांना जे गोड दिसते तेच मुलांच्या गळ्यात मारण्याची खोड आहे, आणि तू माझी बहीण असलीस तरी त्या खोडीतून सुटलेली नाहीस.

तुझा शिंपल्यांचा खेळ वाचायला छान वाटला. पण त्यात गणित कुठे आहे? मुले मुकाट्याने शिंपले टाकतात आणि उचलतात. किती गेल्या, किती आल्या, किती राहिल्या, हे त्यांना सांगता येते का? न आल्यास ती नुसती नक्कल ठरेल. एवढे पाहून ठेव.

ती. नानांचे माणगावच्या घरून पत्र होते. वर्ग बंद झाला तर तुला घरी आणावे असे त्यांच्या मनात आहे. मी काही उत्तर दिलेले नाही. समुद्राचे वारे बाधते, कान झाकून निजत जा.

पत्री उशीर न करता लोभाची खूण देत जावी, हे आशीर्वाद.

तुझा,
अनंता


॥ श्री ॥
थळ, कोळीवाडा
ता. २७ नोव्हेंबर १९३४

ती. दादास,
कृ. शि. सा. न. वि. वि.

हे पत्र कसं लिहावं ते सुचत नाही. दोन कागद फाडून हा तिसरा घेतला आहे, अक्षराला हसू नकोस.

शुक्रवारी दुपारी वारं फिरलं. तासाभरात समुद्र काळा झाला. होड्या एकामागून एक शिडं उतरवून आत आल्या. काहींनी खांदेरीच्या आडोशाला नांगर टाकला आणि त्या शनिवारी परतल्या. काळूरामची होडी आली नाही. तीवर काळूराम आणि दोन खलाशी, तुकाराम आणि सदा. आज पाचवा दिवस. काळूरामची बायको आवडाबाई रेवसपासून रेवदंड्यापर्यंत बंदरं पालथी घालते आहे.

परातीत एक शिंपला उरला आहे. तो जनीचा.

आता ऐक काय झालं ते. तू विचारलंस ना गणित कुठे आहे म्हणून? तुझं पत्र आल्यावर मी रोज परातीशी बसून पोरांकडून मोठ्यानं मोजून घ्यायला लागले. समुद्रावर किती, किनाऱ्यावर किती. पोरं आधी गप्प राहिली, एक-दोघांनी तर तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, लाजतात. मी हौसेनं आणखी मोठ्यानं मोजलं. शुक्रवारी सकाळीसुद्धा मोजलं. दादा, इथे समुद्रावरच्या होड्या मोजत नाहीत. नांगर पडल्याखेरीज कोळीण आपल्या घरची होडीसुद्धा मोजणीत धरत नाही, मोजली की एक कमी होते अशी समजूत. हे पाड्यातल्या चार वर्षांच्या पोराला ठाऊक आहे. पोरं मुकाट्यानं शिंपले टाकत होती ती उगीच नव्हे. मला मात्र वर्षभर राहून कळलं नाही.

शनिवारी भागुबाई खोपीत आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच सांगितलं की बायका म्हणतात, मास्तरणीनं होडी मोजून बुडवली, आणि कुणी पोरं धाडणार नाही. मग परातीकडे बोट करून म्हणाली की तो शिंपला आधी पाण्यातून काढ. मी हात पुढे केला. जनी परातीशी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं आणि नको अशी मान हलवली. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. मीच शिकवलेलं. मी हात मागे घेतला आणि भागुबाई निघून गेली.

जनीला घरच्यांनी सांगितलंय की बाप मुंबईला कामाला गेला. आई दिवसभर बाहेर म्हणून ती एकटीच वर्गात येते. मला काही विचारत नाही. परातीतलं पाणी कमी झालं की लोट्यानं घालते. मी तिला खरं सांगू? मलाच खरं कुठे माहीत आहे?

काल पाड्यातून येताना दोन पोरं पुन्हा खांबाला बांधलेली पाहिली. त्यांतल्या एकानं मला पाहून हाक मारली. मी थांबले नाही, थांबण्याचं तोंडच नव्हतं. तू नऊ तारखेला येशील तेव्हा वर्गात एक मूल असेल, आणि मंडळाला ह्यापेक्षा वेगळं कारण लागणार नाही.

दोष पदरात घालावा, पण माया काढून घेऊ नये.

तुझी,
नलू


॥ श्री ॥
गिरगाव, मुंबई
ता. ३० नोव्हेंबर १९३४

प्रिय नलूवन्सं यांस,
सगुणेचा स. न. वि. वि.

इकडची स्वारी पुण्यास परीक्षांच्या कामाला गेली आहे, चार तारखेला यायची. तुमचं पाकीट मी फोडलं. रागवायचं तर खुशाल रागवा.

वन्सं, तुम्ही आणि तुमचे दादा दोघंही शहाणी माणसं, त्यामुळे तुमच्यात कुणीतरी अडाणी असायला हवं, ते काम माझं. पहिली गोष्ट, तुम्ही होडी बुडवली नाहीत. वाऱ्यानं काय केलं ते वाऱ्याला ठाऊक. दुसरी गोष्ट, तरीही तुम्ही चुकलात. लोकांच्या घरात शिरताना चपला कुठे काढतात ते पाहावं लागतं. तेव्हा वाद घालत बसू नका, मोजणं चुकलं असं भागुबाईंना सरळ सांगा.

मुलीचं म्हणाल तर मी शिकलेली नाही, पण माझी आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला सांगितलं होतं की ती काशीला गेली. मी वर्षभर दर पाहुण्याला काशीहून आलात का असं विचारत असे, आणि ते माझ्यासमोर तोंड फिरवत. मला कळलं होतं, वन्सं. फक्त कुणापाशी ते बोलायचं नाही एवढंच मी शिकले. जनीच्या बापाची खबर नसताना तुम्ही काहीही सांगू नका. पण तिनं विचारलं तर खोटं बोलू नका. आणि शिंपला राहू द्या.

आवडाबाईंकडे जाऊन बसा. बोलायला काही नसलं तर चूल पेटवून द्या. परीक्षा आणि मंडळ गेलं खड्ड्यात. इकडे हे वाक्य दाखवू नका.

तब्येतीला जपून असावं आणि ह्या वहिनीला परकं समजू नये.

तुमची,
सगुणा


॥ श्री ॥
थळ, कोळीवाडा
ता. ५ डिसेंबर १९३४

ती. दादा व सौ. वहिनी यांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

होडी आली. काल श्रीवर्धनकडच्या एका मचव्यानं दोरानं ओढत आणली. डोलकाठी मोडलेली, शीड गेलेलं. तुकाराम आणि सदा जिवंत आहेत. अंगाला मीठ फुटलंय आणि आवाज गेलाय, पण जिवंत आहेत. काळूराम नाही. पहिल्याच दिवशी डोलकाठी पडली तिच्या तडाख्यानं तो पाण्यात गेला. तुकारामनं डोळ्यांनी पाहिलं.

आवडाबाई ऐकत नाही. तिचं म्हणणं, कुठल्याशा आगबोटीनं त्याला उचललं असणार आणि तो मुंबईलाच असणार. कपाळावर कुंकू तसंच आहे. बायका समजावून थकल्या. जनीला जे सांगितलं होतं तेच आता ती स्वतः धरून बसली आहे, आणि पोरीसमोर तुकारामचं नाव काढू देत नाही.

वहिनी, तुमच्या सांगण्याप्रमाणे मी रोज तिच्याकडे जाते. पहिल्या दिवशी तिनं मला दारातच उभं ठेवलं. दुसऱ्या दिवशी चूल पेटवू दिली. भागुबाईलाही मी चूक सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की आता हे माझ्याही हातात नाही. घाव ज्या घरावर पडला त्या घरानं ठरवायचं. आवडाबाईनं आपण होऊन जनीला वर्गात धाडलं तर सगळ्या धाडतील. तिनं नाही म्हटलं तर खोप जाळ्यांना परत. आत्ता जनी येते ती धाडलेली नव्हे. घरात कुणी नसतं म्हणून येते.

होडी वाळूवर उभी आहे, खोपीच्या दारातून दिसते. जनीनं ती पाहिली. काल दुपारभर पाहत होती. बायका दाराशी येऊन तिला सांगून गेल्या की होडी आली, आता शिंपला काढून ठेव. तिनं ठेवला नाही. मला त्या शिंपल्याची आता भीती वाटते, दादा. आपण मुलांना वस्तू देतो त्या कशाकरता देतो?

येऊ नकोस असं लिहिणार होते. पण ये. परीक्षक म्हणूनच ये, मला भावापुढे रडायचं नाही.

चुकलं-माकलं पोटात घालून लोभ ठेवावा.

तुमची,
नलू


॥ श्री ॥
गिरगाव, मुंबई
ता. ११ डिसेंबर १९३४

चि. नलूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू धावत खोपीत आलीस तेव्हा आवडाबाई उंबऱ्यावर बसून रडत होत्या आणि मी कोपऱ्यात उभा होतो. काय झाले असे तू दोनदा विचारलेस. मला सांगता आले नाही. आज लिहितो.

मी ठरल्यापेक्षा लवकर पोचलो. तू भागुबाईंकडे गेलेली. खोपीत जनी एकटी होती. मी कागद-पेन्सिल काढून चटईवर बसलो. तिने मला बराच वेळ न्याहाळले आणि मग विचारले, "मुंबईशी आयलास?" मी होय म्हटले. तिने विचारले, "माजा बापूस भेटला?"

नलू, मी वीस वर्षे शिकवतो आहे. मुलांशी खरे बोलावे यावर मी व्याख्याने दिली आहेत. त्या क्षणी माझ्या जिभेवर जे आले ते खोटे होते. भेटला, बरा आहे, खाऊ पाठवलाय, असे सगळे तयार होते. सगुणेने मला तिची काशीची गोष्ट आदल्या दिवशी सांगितली नसती, तर मी ते बोललो असतो. मी म्हटले, "नाही भेटला." तिने मान हलवली. राग नाही, रडू नाही.

मग ती उठली. परातीतून शिंपला उचलला आणि पाटावरच्या वाळूत ठेवला. मला वाटले, संपले. पण ती फळीवरच्या वाटीतून चिंचोके घेऊन आली. एक शिंपल्याशेजारी ठेवून म्हणाली, तुकाराम. दुसरा ठेवून म्हणाली, सदा. तिसरा तिने हातात धरला आणि पाण्यावर सोडला. तो तळाशी गेला. ती वाकून त्याच्याकडे पाहत राहिली आणि मला म्हणाली, "होरी आयली. बापूस न्हाय आयला."

मी वर पाहिले तर आवडाबाई दारात उभ्या होत्या. मुलीला न्यायला आल्या असाव्यात. किती वेळ उभ्या होत्या ते ठाऊक नाही. त्या खाली बसल्या आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला अजून ऐकू येतो. जनी जाऊन त्यांच्या मांडीत बसली. त्यानंतर तू आलीस.

आता अभिप्राय. तुझ्या खेळात एक दोष होता. तो होड्या धरी, माणसे धरत नसे. आम्ही कुणी तो ओळखला नाही. मुलीने ओळखला आणि आपणच दुरुस्त केला. दुसऱ्या वस्तूवर लावता येते का, असे मी तुला मोठ्या तोऱ्याने विचारले होते. त्याचे उत्तर मी पाहिले, आणि ते पुन्हा कधी पाहायला लागू नये असे मला वाटते. मोजायला लावलेस ते माझ्या पत्रामुळे. ते मी मंडळाला लिहिले आहे. ही पद्धत म्हणून दुसऱ्या कुठल्याही वर्गाला शिकवू नये, असेही लिहिले आहे. जे त्या मुलीने तिथे केले ते तिला कुणी शिकवले नव्हते. तिला ते करायला जागा होती आणि कुणी तिच्या कामाला हात लावला नव्हता, एवढेच तुझे श्रेय, आणि ते मी थोडे समजत नाही. बाकी मी काय पाहिले ते जसेच्या तसे लिहून दिले. मंडळ काय करील ते सांगवत नाही. काही सभासदांना त्यात शिक्षण दिसणार नाही.

आवडाबाईंचा निरोप घेताना मला तोंड वर करवले नाही. त्यांनी मुलीला पुन्हा धाडले नाही तर त्यांना दोष देऊ नकोस.

जिवाला जपावे, आणि ह्या भावाला परीक्षकाच्या जागेवरून उतरवून पुन्हा घरात घ्यावे.

तुझा,
अनंता


॥ श्री ॥
थळ, कोळीवाडा
ता. २३ डिसेंबर १९३४

ती. दादास,
कृ. शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. उत्तराला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. तू गेलास त्याच संध्याकाळी आवडाबाईनं बायकांना बोलावलं आणि कुंकू पुसलं. पाड्यानं दहावं-बारावं केलं. ते दिवस जनी घरीच होती. मी रोज खोप झाडून चटया घालायची आणि रिकाम्या चटयांपुढे बसायची. भागुबाईची माणसं जाळी कुठे टाकायची ते एकदा पाहूनही गेली. नानांना येते म्हणून पत्र लिहायला घेतलं होतं, दोन ओळींवर सोडलं.

आज सकाळी आवडाबाई आली. डोक्यावर टोपली, कपाळ मोकळं, बोटाला जनी. तिचं घर पाड्याच्या पार टोकाला. तिथपासून सगळ्यांच्या दारांवरून ती चालत आली. बायका आपापल्या अंगणात उभ्या राहून पाहत होत्या.

खोपीच्या दारात तिनं जनीचा हात सोडला. जनी आत गेली. आवडाबाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "मना बाजाराला जायाचा हाय. पोरीला ठेव." मी होय म्हटलं. ती वळली, चार पावलं गेली आणि पुन्हा फिरली. म्हणाली, "हिला खोटा सांगू नको. आमाला सांगाया लागता. तू नको सांगू."

दादा, मी तिला शब्द दिला. तू दिला असतास तसाच दिला, पण मला तो देताना फार भीती वाटली. तुलाही त्या दिवशी अशीच वाटली असेल.

ती गेल्यावर घटकाभरात भागुबाई तिच्या नातवाला घेऊन आली, आणि मग बाकीच्या. किती आली ते मी मोजलं नाही. पोरं महिनाभरात सगळं विसरली असतील असं वाटलं होतं, पण ज्यानं त्यानं आपली चटई बरोबर ओळखली. आत्ता ती मागे गलका करताहेत, म्हणून पत्र आवरतं घेते.

मंडळाचं काय ठरलं ते सवडीनं कळव. इथलं ठरलं आहे.

वहिनींना नमस्कार, आणि दोघांनी असाच जीव लावावा.

तुझी,
नलू